वीस टक्के हातात नाहीत म्हणजे ऐपत नाही, हे खोटं आहे

‘घराच्या किमतीच्या वीस टक्के रक्कम साठलेली नसेल तर ते घर तुमच्या ऐपतीबाहेरचं आहे. थांबा, साठवा, मग घ्या.’ वर्तमानपत्राच्या पुरवणीतला अर्थसल्ला असो, मोबाइलवरचा व्हिडिओ असो की निवृत्त झालेले काका असोत, हे वाक्य इतक्या ठिकाणी ऐकू येतं की त्याला नियमाचं वजन आलं आहे. नुकत्याच नोकरीला लागलेल्या, एकट्या राहणाऱ्या मुलाला तो सल्ला चालून जाईल. पण ज्यांच्या नावावर एक घर आहे, ते आता पुरत नाही आणि ते विकून ज्यांना दुसरं घ्यायचं आहे, अशा कुटुंबांनाही हाच सल्ला दिला जातो. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी लोक जास्त धोक्याची कर्जं घेतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

घर बदलणारी माणसं कोण असतात ते आधी पाहू. पुण्यात धायरीला किंवा ठाण्यापलीकडे डोंबिवलीला दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला वन बीएचके. तेव्हा दोघंच होते. आता दहावीतला मुलगा हॉलमध्ये अभ्यास करतो आणि टीव्ही बंद ठेवावा लागतो. वडील गावाहून कायमचे आले आहेत, इमारतीला लिफ्ट नाही आणि तिसरा मजला त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. या माणसांना ‘पाच वर्षं थांबा’ म्हणणं सोपं आहे. त्या पाच वर्षांत मुलगा घर सोडून शिकायला गेलेला असेल आणि वडील जिना उतरायचे थांबलेले असतील. घर बदलण्याची गरज ठरलेल्या वयात येते, आणि सल्ला देणाऱ्यांच्या हिशेबात या वयाचा रकाना कुठेच नसतो.

आता आकडे घेऊ, कारण वीस टक्क्यांचा आग्रह धरणारे आकड्यांचाच आधार घेतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या घरकर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरच्या कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. पुण्यात ८० लाखांचा जुना टू बीएचके घ्यायचा असेल तर बँक फार तर ६४ लाख देईल. उरले १६ लाख, म्हणजे ते प्रसिद्ध वीस टक्के. पण महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. २०१२ पासून बँकांना हा खर्च घराच्या किमतीत धरता येत नाही. २०१५ मध्ये सूट दिली ती फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांना, आणि त्या किमतीत पुण्या-मुंबईत काय मिळतं हे सांगायला नको. तेव्हा हा सगळा पैसा खिशातून जातो. दलालीचा एक टक्का धरला तर ८० लाखांच्या घरासाठी हातात पावणेतेवीस लाखांच्या आसपास लागतात. म्हणजे अठ्ठावीस टक्के. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती जरूर घ्यावी, पण तिने हे गणित फारसं हलत नाही.

कर्जमर्यादेचे हे टप्पे कसे काम करतात ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. ३३ लाख ३३ हजारांच्या घराला ३० लाख कर्ज मिळू शकतं. स्वतःचे ३ लाख ३३ हजार. घराची किंमत साडेसदतीस लाख असेल तर ८० टक्क्यांनी मिळणारं कर्जही ३० लाखच, पण आता स्वतःचे साडेसात लाख हवेत. घर जवळपास सव्वाचार लाखांनी महागलं आणि कर्ज एका रुपयाने वाढलं नाही. कुटुंबाचा पगार तोच, हप्ता तोच, हप्ता भरण्याची सवय तीच. तरीही त्यांनी स्वतः उभी करायची रक्कम दुपटीहून जास्त झाली. ७५ लाखांच्या सीमेवरही हेच होतं: पावणेचौऱ्याण्णव लाखांच्या घरालाही कर्ज ७५ लाख आणि एक कोटीच्या घरालाही ७५ लाख. ३० लाखांची ही मर्यादा ठरली २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये. तेव्हापासून पुणे, ठाणे, नाशिकमध्ये घरांच्या किमती कुठे गेल्या ते आपण पाहतोच, पण मर्यादा जागची हललेली नाही. ज्या नियमाच्या आकड्याला दहा वर्षांत कुणी हात लावला नाही, त्याला ‘ऐपतीची कसोटी’ म्हणणं हा विचारांचा आळस आहे.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. नियम म्हणतो की कर्जदाराचा स्वतःचा पैसा घरात असला पाहिजे. प्रत्यक्षात तो पैसा स्वतःचा असतो का?

आमच्या इमारतीतल्या एका जोडप्याला मार्जिनमध्ये, म्हणजे कर्जाबाहेर स्वतः भरायच्या रकमेत, चार-पाच लाख कमी पडत होते. मी त्या बाईंबरोबर सोनेतारण कर्जाच्या काउंटरवर गेले होते. मूल्यमापकाने पाटल्या कसोटीच्या दगडावर घासल्या, त्या रेघेवर आम्लाचा थेंब सोडला, मग काट्यावर ठेवल्या. मंगळसूत्राच्या वाट्या वेगळ्या तोलल्या, काळ्या मण्यांचं वजन वजा केलं. कानातल्यांमधले खडे धरले नाहीत, कारण खड्याला भाव नाही. कागदावर आकडा आला तो त्यांनी मनात धरलेल्या रकमेपेक्षा बराच कमी होता. मुदत बारा महिने. उरलेल्या पैशांसाठी नवऱ्याने वैयक्तिक कर्ज काढलं. घरकर्ज मंजूर झाल्यानंतरच त्यासाठी अर्ज करा, म्हणजे ते आधीच्या तपासणीत दिसणार नाही, असं एजंटने त्यांना समजावलं होतं. बँकेच्या फाइलीत मात्र ‘स्वतःचा वाटा’ पूर्ण भरल्याची पावती व्यवस्थित लागली.

हे अपवादाचं उदाहरण नाही. मार्जिन असंच उभं राहतं: सोनं, भविष्य निर्वाह निधी, मेहुण्याकडून हातउसने, वैयक्तिक कर्ज. आता तुलना करा. पाच लाख रुपये घरकर्जातच मिळाले असते तर साडेआठ टक्के व्याजाने, वीस वर्षांच्या मुदतीत, महिन्याचा हप्ता ४,३३९ रुपयांनी वाढला असता. तेच पाच लाख वैयक्तिक कर्जातून, तेरा टक्क्यांनी, पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता ११,३७६ रुपये. मला कुणी लगेच सांगेल की वीस वर्षांत एकूण व्याज जास्त जातं. बरोबर आहे, मुदत पूर्ण चालवली तर जातं. पण व्यक्तीने घेतलेल्या, बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ पासूनच मनाई केली आहे. बोनस आला की भरा, जुनं घर विकलं गेलं की भरा. वैयक्तिक कर्जात हप्ता चुकवण्याची सवड पहिल्याच महिन्यापासून नसते. नियमाने कर्जदाराला कमी कर्ज दिलं नाही, त्याच्या कर्जाचा एक तुकडा महागड्या आणि अंधाऱ्या खोलीत ढकलला.

इथे हमखास २००८ पुढे केलं जातं. अमेरिकेत कमी मार्जिनवर कर्जं वाटली, बँका बुडाल्या, तसं इथे होऊ नये म्हणून हे नियम, असा युक्तिवाद होतो. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. अमेरिकेत त्या काळी उत्पन्नाचा पुरावा न घेता कर्जं दिली गेली, सुरुवातीला लहान आणि दोन-तीन वर्षांनी एकदम वाढणारे हप्ते लावले गेले, आणि ती कर्जं एकत्र बांधून पुढे विकली गेली. देणाऱ्याला ते परत मिळण्याची फिकीरच उरली नाही. शिवाय कॅलिफोर्नियासारख्या राज्यात राहतं घर घेण्यासाठी काढलेल्या मूळ कर्जापुरती घराची चावी बँकेला दिली की कर्जदार मोकळा होऊ शकत होता. आपल्याकडे यातलं बहुतेक लागू नाही. पगारपत्रक, फॉर्म सोळा, सहा महिन्यांचं बँक खातं, सिबिल स्कोअर तपासल्याशिवाय फाइल हलत नाही. हप्ता ९० दिवस थकला की कर्ज अनुत्पादक ठरतं, २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते, आणि घर विकूनही रक्कम भागली नाही तर उरलेली बाकी माणसाच्या मानगुटीवर राहते. इथला मध्यमवर्गीय हप्ता बुडवून निघून जाऊ शकत नाही. तो आधी दूध कमी करतो, मग हप्ता चुकवतो.

आपल्याकडे घरकर्जाच्या प्रमाणावरची ही कमाल मर्यादा आली तीही २०१० च्या अखेरीस. ती आणण्यामागे प्रमाणाबाहेर कर्ज काढून घरं घेण्याला आळा घालण्याचा हेतू होता, आणि त्या हेतूशी माझं भांडण नाही. दुसरं, तिसरं घर भाड्यासाठी किंवा नफ्यासाठी घेणाऱ्याकडून वीस नव्हे, चाळीस टक्के मागा. पण राहतं घर विकून राहतं घर घेणारा सट्टेबाज नसतो. त्याच्याकडे शेवटी एकच घर राहतं.

आता धोका नेमका कशात आहे ते बोलू. किमती पंधरा टक्के पडल्या तर दहा टक्के मार्जिनवाल्याचं घर कर्जापेक्षा स्वस्त होईल, ही भीती खरी आहे. पण ती कागदावरची तूट असते, आणि घर विकावं लागलं तरच ती अंगावर येते. घर केव्हा विकावं लागतं? नोकरी गेली आणि हप्ता भरायला हातात काही नसलं की. म्हणजे खरा प्रश्न असा: पावणेतेवीस लाख ओतून ज्याच्या खात्यात अकरा हजार रुपये उरलेत तो सुरक्षित, की दहा टक्के भरून ज्याने सहा-आठ महिन्यांचे हप्ते मुदत ठेवीत ठेवलेत तो? माझ्या मते दुसरा. कर्ज नाकारायचंच असेल तर हप्ता हातात पडणाऱ्या पगाराच्या चाळीस टक्क्यांवर जातो म्हणून नाकारा. दोघांपैकी एकाची नोकरी कंत्राटी आहे म्हणून कमी द्या. विमा नाही म्हणून अडवा. यातल्या प्रत्येक कारणाचा कर्ज फिटण्याशी संबंध आहे. सोनं गहाण ठेवून भरलेल्या मार्जिनचा तेवढा नाही.

‘थांबा’ या सल्ल्याचा हिशेबही कुणी मांडत नाही. किमती दर वर्षी वाढतीलच असं मी म्हणत नाही. काही वर्षं त्या एका जागी थिजलेल्याही आपण पाहिल्या आहेत. पण सहा टक्क्यांनी वाढल्या असं धरा. आजचं ८० लाखांचं घर तीन वर्षांनी ९५ लाखांच्या वर जाईल. ‘तुमचं जुनं घरही वाढेल ना,’ असं म्हणतील. वाढेल. ४५ लाखांचं साडेत्रेपन्न होईल. पण दोन घरांमधलं अंतर ३५ लाखांवरून जवळपास ४२ लाखांवर जाईल, आणि भरायचं असतं ते अंतरच. दरमहा पंचवीस हजार बाजूला टाकणाऱ्या जोडप्याचे तीन वर्षांत नऊ लाख होतात. त्यातले जवळजवळ सात लाख हे वाढलेलं अंतरच गिळतं.

यात सगळ्यात जास्त अन्याय होतो तो ज्यांच्याकडे पैसा आहे, पण विटांमध्ये अडकलेला आहे, अशांवर. जुनं घर ४५ लाखांचं, त्यावर कर्ज उरलंय १४ लाख. म्हणजे ३१ लाख त्यांचे स्वतःचे आहेत. नवीन घराचा मालक विसार घेऊन दीड-दोन महिन्यांची मुदत देतो. जुन्या घराचं गिऱ्हाईकही कर्ज काढणारं. त्याची बँक तुमच्या बँकेकडून बाकीचं पत्र आणि कागदांची यादी मागते, पैसे भरते, मग मूळ कागद सुटतात, सोसायटीची ना-हरकत लागते, मग खरेदीखत. २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत देण्याचा आणि उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा आदेश काढला, ही मोठी मदत झाली. तरी दोन्ही व्यवहार एका आठवड्यात बसवणं बहुतेकांना जमत नाही. मधल्या काळात हा ३१ लाखांचा धनी ‘मार्जिन नसलेला कर्जदार’ ठरतो.

प्राप्तिकर खात्याला हे केव्हाच समजलं आहे. जुनं घर विकण्याआधी एक वर्ष किंवा विकल्यावर दोन वर्षांत नवं घर विकत घेतलं, तर जुन्या घरावरच्या नफ्याला करसवलत मिळते. म्हणजे कर खातं दोन्ही व्यवहारांचा धागा एकच मानतं. कर्ज देणारी यंत्रणा मात्र त्यांना दोन अनोळखी माणसांचे व्यवहार समजते. या मधल्या काळासाठी पूल-कर्ज, म्हणजे ब्रिज लोन, काही बँका देतात. साधारण दोन वर्षांपर्यंतची मुदत असते आणि व्याज घरकर्जापेक्षा जास्त. शाखेत जाऊन ते मागून पाहा. बऱ्याच ठिकाणी समोरच्याला आधी तुम्हीच ते समजावून सांगावं लागेल. घर बदलणाऱ्याने पहिल्याच भेटीत हे नाव घ्यावं आणि नकार मिळाला तर लेखी मागावा. सरकारी योजनेतूनही हा माणूस बाहेरच: पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी दुसऱ्या टप्प्यातलं व्याज अनुदान ज्यांच्या कुटुंबाचं देशात कुठेही पक्कं घर नाही अशांनाच आहे. घर नसलेल्यांसाठीच्या योजनेत ते योग्यच. पण मग घर बदलणाऱ्यासाठी निदान बँकेचा दरवाजा तरी उघडा हवा.

कमी मार्जिनची बाजू घेते म्हणजे मी ‘शून्य डाउन पेमेंट’च्या जाहिरातींची बाजू घेते असं कुणी समजू नये. त्या योजनांमध्ये बांधकाम सुरू असताना बँक बिल्डरला पैसे देते आणि ताबा मिळेपर्यंत व्याज बिल्डर भरतो, असं सांगितलं जातं. बिल्डरने व्याज थांबवलं की हप्ता गिऱ्हाइकाच्या नावावर, आणि इमारत चौथ्या मजल्यावर अडकलेली. रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरमध्येच बांधकामाच्या टप्प्यांनुसार पैसे द्या, असं बँकांना बजावलं. २०१९ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितलं. आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बिल्डर आणि बँकांच्या संगनमताची चौकशी सीबीआयकडे द्यावी लागली. तेव्हा हातात थोडे पैसे असणाऱ्याने भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं, चालू सोसायटीतलं घरच घ्यावं. त्यावर जीएसटीही लागत नाही.

आणि रोखीच्या वाटेला तर जाऊच नये. मालक म्हणतो, दहा लाख रोख द्या, करारनाम्यात सत्तर दाखवू, तुमचं मुद्रांक शुल्क वाचेल. बँक कर्ज देते ते करारनाम्यातल्या किमतीवर किंवा तिच्या मूल्यांकनावर, दोहोंत जी कमी असेल तिच्यावर. सत्तरवर ८० टक्के म्हणजे ५६ लाख. शुल्कात सत्तर हजार वाचले आणि स्वतः उभे करायचे पैसे सात लाखांहून जास्त वाढले. उलट नव्वद लाखांचा खोटा करार करून जास्त कर्ज काढायला सांगणारे दलालही भेटतात. ती फसवणूक आहे, आणि सही तुमची असते.

ब्रिटनने २०२१ च्या एप्रिलमध्ये पाच टक्के मार्जिनवर घर मिळावं म्हणून सरकारी हमीची योजना आणली. ६ लाख पौंडांपर्यंतच्या घरांना ती लागू होती, आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हे की ती पहिलं घर घेणाऱ्यांपुरती नव्हती. राहतं घर बदलणारेही तिच्यात होते. तिथे चाप लावला जातो तो उत्पन्नाच्या बाजूने: उत्पन्नाच्या साडेचार पट किंवा त्याहून मोठी कर्जं एकूण नव्या कर्जांत किती असावीत यावर २०१४ पासून मर्यादा आहे. आपल्याकडेही घरकर्जाला हमी देणारी कंपनी २०१२ मध्ये उभी राहिली, तिच्यात राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा वाटा आहे. म्हणजे साधन घरात आहे. राहत्या घराच्या बदलीसाठी, उत्पन्नाची कडक तपासणी करून, हमीसह ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायला आणि मुद्रांक शुल्क किमतीत धरायला रिझर्व्ह बँकेच्या एका परिपत्रकाची गरज आहे.

राज्य सरकारच्या हातात तर याहून सोपी गोष्ट आहे. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात गुंतवणूकदाराला एक सवलत आहे: त्याने बिल्डरकडून घेतलेलं घर ठराविक मुदतीत पुढे विकलं, तर आधी भरलेलं शुल्क नव्या शुल्कातून वजा होतं आणि फक्त फरक भरावा लागतो. ही मुदत एक वर्षाची होती, २०२२ मध्ये ती तीन वर्षांची केली. नफ्यासाठी घर फिरवणाऱ्याला शासनाने ही वजावट दिली आणि मुदत तिपटीने वाढवूनही दिली. तिसऱ्या मजल्यावरून वडिलांना खाली आणण्यासाठी घर बदलणाऱ्याने मात्र बारा वर्षांपूर्वी शुल्क भरलेलं असतं आणि आज पुन्हा पूर्ण भरायचं असतं. राहतं घर विकून वर्षभरात दुसरं राहतं घर घेणाऱ्याला, पहिल्या घरावर भरलेल्या शुल्काइतकी वजावट द्या. गुंतवणूकदाराच्या सवलतीखाली एक उपकलम वाढवलं की झालं. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात ते मांडता येईल, आणि ते मांडा असं आपापल्या आमदाराला लिहून कळवण्यासाठी कुणालाही वीस टक्के साठवावे लागत नाहीत.